सत्तावीस नंबर

घर सांभाळणं हे जगातलं सगळ्यात थोर काम आहे, याबद्दल दुमत नाही. निदान जे ते काम करत नाहीत त्यांच्यात तरी नाही. शाळेचे हेडमास्तर दरवर्षी पालकांना बोलावून हे भरल्या गळ्यानं सांगत आणि सांगून झालं की खुर्च्या आत नेऊन ठेवायला आयांना थांबवून घेत. थोरलीनं हे भाषण लागोपाठ तीन वर्षं ऐकलं होतं. खुर्च्याही तीन वर्षं उचलल्या होत्या.

थोरली म्हणजे घरातली मोठी सून. अंगण एक, अंगणाच्या दोन बाजूंना दोन भावांच्या दोन खोल्या, मधे स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई. त्या दारात त्यांचा पाट कायमचा होता. तिथून दोन्ही खोल्या दिसत, आणि दोन्ही खोल्यांत काय चुकलंय तेही दिसत असे. भात चिकट झाला, दोरीवरचं कापड उलटं वाळत घातलं, केरात चांगली सुतळी गेली. बसल्या जागेवरून सासूबाई खडा बाजूला काढावा तसा दोष बाजूला काढून दाखवत.

सलग दोन वर्षं पावसानं धड तोंड दाखवलं नव्हतं. थोरलीचा नवरा गवंडी. पाणी नाही म्हणून बांधकाम नाही, बांधकाम नाही म्हणून गवंडी नाही. तो रोज सकाळी थापी आणि ओळंबा पिशवीत टाकून चौकात जाऊन उभा राही, दहा वाजता परत येऊन पिशवी खिळ्याला अडकवी आणि खाटेवर आडवा होई. धाकटा भाऊ पाण्याचा टँकर चालवायचा. त्याला जेवायला फुरसत नव्हती. एका आईची दोन पोरं आणि एकच दुष्काळ. त्यात एकाची चूल विझत आली होती आणि दुसऱ्यानं नवा मोबाइल घेतला होता. टँकरवाला रोज पहाटे पाण्याचा एक कॅन दारात ठेवून जाई. त्यातून माठ भरायचं काम थोरलीचं.

धाकटी, म्हणजे टँकरवाल्याची बायको, हमरस्त्यावरच्या बटाट्याच्या शेडमध्ये कामाला होती. सकाळी सातला शेडची गाडी कोपऱ्यावर येई. धाकटी निळा एप्रन घाले, डबा घेई, आपली दोन वर्षांची ठकी थोरलीच्या कडेवर देई आणि म्हणे, "जाऊबाई, येते हं."

"ये," थोरली म्हणे. दुसरं म्हणायला होतं काय?

थोरलीची स्वतःची दोन आणि ही तिसरी. दिवसभर पोरं, धुणं, भांडी, केर, पाणी. पण थोरलीला हेवा वाटायचा तो धाकटीच्या पगाराचा नव्हे. म्हणजे त्याचाही वाटायचा. पण खरा जळफळाट व्हायचा तो धाकटीच्या दमण्याचा.

संध्याकाळी सहाला धाकटी परत येई. पायरीवर बसे. पाय लांब सोडी आणि म्हणे, "हुश्श!" की लगेच सासूबाई पाटावरून उठत. गुडघे धरून, भिंतीला हात लावत, पण उठत. फळीवरचा पाहुण्यांचा काठदार पेला काढत, माठात बुडवत आणि स्वतःच्या हातानं धाकटीच्या पुढे धरत. धाकटी मान मागे टाकून वरून घटाघटा प्यायची. घशाची घाटी वरखाली व्हायची. थोरली भांडी घासता घासता ती घाटी मोजत असे.

थोरली अकरा वर्षं दमत होती. कुणी पाणी आणलं नव्हतं. आणणार कसं? दमायचं तर आधी बाहेरून यावं लागतं. ती कुठून आलेलीच नसे.

भरीला ठकीचे बूट. पाऊल टाकलं की पी वाजणारे, लाल. धाकटीनं आपल्या पैशातून घेतलेले. इकडे थोरलीच्या मुलाचे शाळेचे बूट इतके आखूड झाले होते की तिनं विळीवर त्यांची टोकं कापून दिली होती. बोटं बाहेर काढून पोरगा शाळेत जाई. "हवा लागते," असं तो मित्रांना सांगे. आणि दिवसभर घरात पी, पी, पी. एका दुपारी थोरलीनं सुईच्या टोकानं दोन्ही बुटांतल्या शिट्ट्या उपसून काढल्या आणि चुलीत टाकल्या.

"वाजत कसे नाहीत हो हे?" धाकटीनं संध्याकाळी विचारलं.

"सर्दी झाली असेल," थोरली म्हणाली.

मग एका शनिवारी शेडमध्ये भरलेला क्रेट धाकटीच्या पायावर पडला. अंगठा वांग्यासारखा सुजून जांभळा झाला. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस पाय खाली टेकायचा नाही. धाकटी रडायला लागली. अंगठ्यासाठी नव्हे, नंबरासाठी. शेडमध्ये बायकांना नावं नव्हती, एप्रनवर नंबर होते. मुकादमाला नंबरासमोर माणूस दिसलं की झालं. तीन दिवस नंबर मोकळा दिसला की एप्रन दुसरीला. बाहेर फाटकाशी रोज वीसजणी उभ्या असत.

सासूबाईंनी पाटावरून निकाल दिला. "थोरली जाईल. सत्तावीस नंबर घरातच राहिला पाहिजे."

थोरलीनं "बरं" म्हटलं आणि तोंड लपवायला चुलीत फुंकर मारली. चूल पेटलेलीच होती.

रविवारी रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, उद्यापासून मी शेडवर. पोरांकडे बघाल ना?"

"बघेन की," गवंडी म्हणाला.

त्यानं बघण्याचं कबूल केलं होतं आणि तो आठवडाभर बघत होता. ठकीनं राख खाल्ली तेही त्यानं खाटेवरून पाहिलं.

शेड म्हणजे पत्र्याखालची लांबच लांब खोली. बाहेर ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटावं, आणि आत बटाटे बर्फासारखे. ते कोल्ड स्टोरेजमधून यायचे. पट्ट्यावरून गडगडत समोर येत, आणि ते उचलून चार क्रेटमध्ये टाकायचे: मोठा, मध्यम, बारीक आणि बाद. उभं राहून. तासाभरात थोरलीची बोटं बधिर झाली, दुपारपर्यंत पोटऱ्यांत गोळे आले. पाठीवर घाम, हातात हिव. पण ती सुखात होती. जेवायच्या सुट्टीत ती आपला डबा बसून, एकटीनं, शेवटच्या घासापर्यंत गरम नसलेला का होईना पण सलग जेवली. मधे कुणाला शी झाली नाही.

संध्याकाळी शेडच्या पिंपावर तिनं हात खसखसून धुतले, पदराला पुसले आणि गाडीत बसली. घरी येऊन पायरीवर बसली. पाय लांब सोडले. गाडीत तिनं दोन-तीनदा मनात म्हणून पाहिलं होतं तसं म्हणाली, "हुश्श!"

"आलीस?" आतून सासूबाई म्हणाल्या. "माठात तळाला आलंय बघ. आणि ठकीचं काहीतरी कर, दुपारपासून गळा काढलाय."

थोरली उठली. तिनं माठ भरला. अंगणात धाकटी खाटेवर पाय उशीवर ठेवून पडली होती. गवंडी खाली चटईवर आला होता.

"कसं गेलं जाऊबाई? दमलात?"

"छे गं. दमायचं काय त्यात," थोरली म्हणाली आणि तिच्या उशीकडे पाहिलं. ती उशी थोरलीची होती. अकरा वर्षांत तिच्यावर दिवसाउजेडी डोकंसुद्धा टेकलेलं नव्हतं आणि आता पाय टेकला होता.

म्हणजे घरी होती तेव्हा शेडचा हेवा, शेडवर गेली तर खाटेचा. थोरलीच्या मनाला काही म्हणता काही गोड लागेना. मंगळवारी तिनं हुश्श जरा मोठ्यानं म्हणून पाहिलं. गवंडी म्हणाला, "मांजर आलं वाटतं."

बुधवारी मुकादम तिच्या मागे येऊन उभा राहिला. हळू बोलणारा, गळ्यात दोन चष्मे अडकवलेला माणूस. त्यानं 'मोठा'च्या क्रेटमधून एक बटाटा उचलला.

"सत्तावीस, हे काय?"

"बटाटा."

"हा डाग?"

"एवढासा? सोलला की जातो."

"इथं सोलायचं नाही, बाई."

"घरी नेल्यावर सोलतीलच की कुणीतरी," थोरली म्हणाली. "सालीसकट कोण खातंय?"

मुकादमानं चष्मा बदलला. दुसऱ्या चष्म्यातूनही डाग तेवढाच होता. त्यानं क्रेट पालथा केला. कोंब आलेले, कुदळ लागलेले, एका बाजूनं हिरवे, सगळे 'मोठा'त आरामात पडले होते. 'बाद'चा क्रेट जवळजवळ रिकामा. थोरलीचा हात त्याच्याकडे वळतच नव्हता. आयुष्यभर तिनं सडक्याचा चांगला भाग काढून तीन पोरांना जेवू घातलं होतं. अर्धा बटाटा चांगला असताना त्याला बाद म्हणायचं म्हणजे पाप. काल तिनं निवडलेली अकरा पोती गिऱ्हाइकानं परत पाठवली होती. त्याची कपात सत्तावीस नंबराच्या पगारातून होणार होती.

हे घरी कळलं तेव्हा धाकटी खाटेवर ताडकन उठून बसली.

"माझ्या पगारातून? जाऊबाई, आंधळ्या आहात का?"

"टाकवत नाही गं मला."

"न टाकायला ते काय तुमच्या माहेरचे आहेत?"

गुरुवारी थोरली या रागात डबा घरीच विसरून गेली. पोरगा शाळेत, धाकटीचा पाय उशीवर, गवंडी पोरांकडे बघण्यात गुंतलेला. शेवटी सासूबाईच डबा घेऊन निघाल्या. भर उन्हात, डोक्यावर पदर, दोन ठिकाणी टेकत शेडवर पोचल्या. थोरलीपुढे डबा ठेवला आणि त्यांची नजर क्रेटवर गेली.

"हा कुणी घातला इथं?" त्यांनी एक बटाटा उचलून 'बाद'मध्ये भिरकावला. "आणि हा? याला आतून कीड आहे. हा वरून गुळगुळीत दिसतो, पण मऊ पडलाय. हा बघ, हा बघ, हा बघ."

पट्टा चालू होता आणि सासूबाईंचे दोन्ही हात चालू होते. बटाटा थांबवून बघायचीही त्यांना गरज नव्हती. शेजारच्या सव्वीस आणि अठ्ठावीस नंबरच्या बायका काम सोडून पाहत राहिल्या. सासूबाईंनी ओघात त्यांच्या क्रेटमधलेही चार-चार काढून दाखवले. मुकादम कधी मागे येऊन उभा राहिला कळलं नाही. त्यानं 'मोठा'चा क्रेट उपसून पाहिला. पहिल्या चष्म्यातून, मग दुसऱ्या. एकही डाग नाही.

"आजी," तो म्हणाला, "कुठं शिकलात हे?"

"दोन सुना आहेत मला," सासूबाई म्हणाल्या.

शनिवारी सुट्टी होताना मुकादमानं थोरलीला बोलावलं. "सोमवारी सत्तावीस नंबरावर कोण येणार ते घरात ठरवा. तू, ती पायवाली, कोणीही. पण एकदा ठरलं की तेच माणूस. रोज नवं तोंड नको."

थोरलीनं गाडीत बसल्या बसल्या ठरवून टाकलं. पहिल्या पगारात पोराचे बूट, पुढे कापलेले नसलेले. दुसऱ्या पगारात पोरीला दप्तर. 'बाद'मध्ये टाकायला शिकता येईल. हात कठीण करायचा, झालं. सोमवारी आपणच जायचं. फक्त हे घरात कुणी विचारायला नको.

रविवारी दुपारी धाकटी खाटेवरून उतरली, भिंत धरून अंगणाची एक फेरी मारली आणि म्हणाली, "उद्या मी जाते जाऊबाई. अंगठा बरा आहे."

"चप्पल शिरते का त्यात?"

"कापड बांधून जाईन."

"अगं, अजून चार दिवस पड. नंबर मी सांभाळते ना."

"सांभाळताय ते दिसलं पगारात."

सासूबाई पाटावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. गवंडी पिशवी उचलून चौकात निघून गेला. रविवारी चौकात कुणीच नसतं.

"तुला काय कमी आहे गं?" थोरलीचा बांध फुटला. "नवरा कमावतो. पोरीच्या पायात लाल बूट. माझ्या पोराची बोटं रस्त्यावर भाजतात. एक नंबर मला दिलास तर काय बिघडेल?"

"आणि मी घरी बसून काय करू? आठ दिवस बसले ना! माझी ठकी माझ्या कुशीत झोपेना. उठून तुमच्या दाराशी जाऊन बसते. मी भरवला तर घास थुंकते. काल मला चावली, जाऊबाई. माझंच पोर, आणि तुमच्या नावानं रडत मला चावलं!" धाकटीनं मनगट पुढे केलं. चार बारीक दात उमटले होते. "घरात काही सापडेना झालं की सगळे तुमचं नाव घेतात. मीठ कुठंय, थोरली. टॉवेल कुठंय, थोरली. आठ दिवसांत माझं नाव एकदा कुणी घेतलं असेल तर शपथ!"

"माझं नाव घेतात ते काम सांगायला."

"घेतात तरी."

"तुला पेला मिळतो," थोरली म्हणाली. म्हणायचं नव्हतं, पण निघून गेलं.

"कसला पेला?"

"पाण्याचा. काठाचा. तू नुसतं हुश्श म्हटलंस की आई गुडघे धरून उठतात. मी सहा दिवस हुश्श म्हणतेय!"

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. "अहो, ते? माझे हात बटाट्याच्या मातीनं भरलेले असतात. मी माठाला हात लावू नये म्हणून उठतात त्या. पहिल्याच दिवशी माठाला चिखल लागला तर केवढं बोलल्या होत्या मला. काठाचा पेला वेगळा, म्हणजे तुमच्या पेल्यांना माझं तोंड लागू नये. वरून पिते मी, दिसत नाही?"

सासूबाईंनी तांदळातला एक खडा काढला, उजेडात धरून पाहिला आणि अंगणात फेकला. थोरलीला आपले पिंपावर खसखसून धुतलेले, पदराला पुसलेले हात आठवले. सहा दिवस ती स्वच्छ हातांनी पाण्याची वाट पाहत बसली होती.

"तरी पण उद्या मीच जाणार," ती म्हणाली.

"बघू कशा जाता," धाकटी म्हणाली.

संध्याकाळ झाली. एप्रन स्वयंपाकघराच्या खिळ्याला होता. दोघींनी आपापल्या खोलीत मनाशी ठरवलं की सहाच्या आधी उठायचं.

सोमवारी थोरली साडेपाचला उठून बाहेर आली. धाकटी पायाला कापड गुंडाळत दारात बसलेलीच होती. दोघी एकदमच स्वयंपाकघरात शिरल्या. खिळा मोकळा होता. पाटही मोकळा होता. अकरा वर्षांत थोरलीनं तो पाट पहिल्यांदा मोकळा पाहिला. त्याच्या मधोमध एक खोलगट जागा पडली होती.

"आई कुठं गेल्या?"

खाटेवरून गवंडी म्हणाला, "अंधारातच निघाली. एप्रन तिला आखूड होतोय, पण बरा दिसतो. कोपऱ्यावर जाऊन बसते म्हणाली, उगीच गाडी चुकायला नको."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मला पोरांकडे बघायला सांगितलंय," गवंडी म्हणाला.

त्या दिवशी दोघी घरात होत्या आणि घरात काही हललं नाही. थोरलीला वाटलं, आता ही आहे घरी, करू दे हिला. धाकटीला वाटलं, पाय दुखतोय आणि जाऊबाईंना सगळं माहीत असतं. दुपारपर्यंत धाकटी कपडे वाळत घालेल म्हणून थोरली बसून राहिली, थोरली भात लावेल म्हणून धाकटी. दुपारी ठकी न वाजणारे बूट घालून धाकटीच्या मांडीवर चढली आणि न चावता झोपली. थोरलीनं ते पाहिलं. मांडी रिकामी असण्याची तिला सवय नव्हती. हाताला काही काम म्हणून तिनं मुलाचे कापलेले बूट घेतले आणि उघड्या टोकांना गवंड्याच्या पिशवीचा एक तुकडा शिवला. नवे दिसत नव्हते. पण बोटं दिसत नव्हती.

सहा वाजता गाडी कोपऱ्यावर थांबल्याचा आवाज आला. सासूबाई भिंत धरत आल्या. निळा एप्रन, छातीवर सत्तावीस, कोपरापर्यंत माती. केसांतही माती. थोरलीला त्या एकदम लहान दिसल्या. त्या पायरीवर बसल्या, पाय लांब सोडले आणि दोन्ही हात अंगापासून दूर धरले.

"मुकादम म्हणाला, आजी, तुम्ही यायच्या आधी आम्ही काय गाळ विकत होतो," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात मला नुसतं सगळ्यांच्या मागून फिरायला ठेवणार आहे. चुका काढायला. त्याचे पैसे देतात गं तिथं! पंचेचाळीस वर्षं मी घरात फुकट करत बसले."

थोरलीनं हातातले शिवलेले बूट खाली ठेवले.

"पहिला पगार आला की पोराला बूट आणायचेत," सासूबाई म्हणाल्या. "ते शिवलेलं वाकडं आलंय. इथून दिसतंय."

मग त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हुश्श! पाणी द्या गं कुणीतरी. माझे हात मातीचे आहेत."

थोरली उठली. धाकटीही उठली, सुजल्या अंगठ्यानिशी. दोघी एकदमच दारातून आत गेल्या, दोघींचे हात एकदमच फळीवरच्या काठाच्या पेल्यावर पडले. क्षणभर कुणीच सोडेना. मग धाकटीनं सोडला. थोरलीनं पेला माठात बुडवला आणि तो तळाला खणकन वाजला.

पाण्याचा कॅन पहाटेपासून दारात जसाच्या तसा उभा होता. दिवसभरात दोघींपैकी कुणीच माठ भरला नव्हता.